समुद्रवाल्या मॅडम

भर मे महिन्यात लाइट गेल्यावर दुसऱ्याच्या घरात शिरून सगळ्या खिडक्या धडाधड लावून घेणारी एकच बाई मी आजवर पाहिली. आमच्याकडे जन्मलेल्या माणसाला यातला गुन्हा वेगळा समजावून सांगायला नको. कूलर लावला की समोरची खिडकी उघडी ठेवायची, नाहीतर खोलीत चिकचिक होते, हे आमच्याकडचं लेकरू बोलायच्या आधी शिकतं. आणि लाइट जाऊन कूलर बंद पडला की उरलेल्या खिडक्याही उघडायच्या, कारण 'जरा हवा येऊ दे.' ती हवा भट्टीतून आलेली असते, तरी येऊ द्यायची. मॅडम मात्र हातातला चहाचा कप खाली ठेवून उठायच्या, खिडक्या लावायच्या, दार ओढून घ्यायच्या आणि वर घरमालकालाच विचारायच्या, "काहून वो, बाहेर काय बर्फ पडून राह्यला काय?"

लोक चिडायचे. 'आमच्याच घरात आमाले कोंडते हे बाई,' असं माघारी म्हणायचे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. मॅडमना कुणाच्या चिडण्याचं काही वाटत नसे. उलट समोरचा चिडला की त्यांचा चेहरा खुलायचा, आता खरं बोलणं सुरू होईल अशा आशेने त्या पदर खोचून बसायच्या.

मॅडम म्हणजे आमच्या गावच्या जुन्या तलाठ्यांची धाकटी मुलगी. गाव दिग्रसहून दारव्ह्याकडे जाताना लागतं. नाव सांगत नाही, कारण पुढे ज्यांची फजिती येणार आहे त्यांतले बरेच जण अजून तिथेच राहतात आणि मला सणावाराला तिकडे जायचं असतं. त्यांच्या घरात सगळे कचेरीतले. वडील तलाठी, भाऊ कोर्टात कारकून. मॅडम मात्र इंजिनिअर झाल्या, लग्न करून उत्तरेकडच्या एका थंड देशात गेल्या आणि तिथल्या एका बंदराच्या गावात त्यांनी उभं आयुष्य नोकरी केली. नगरपालिकेच्या इमारती हिवाळ्यात उबदार आणि उन्हाळ्यात थंड ठेवायच्या, हे त्यांचं काम. नवरा गेला, साठी उलटली, तेव्हा मुलीचा हट्ट मोडून त्या परत आल्या आणि वडिलांच्या दोन खोल्यांत राहू लागल्या. आल्या त्या दिवशी अर्धं गाव त्यांना पाहायला जमलं होतं. बाई आता इंग्रजी झाडणार, अशी सगळ्यांची तयारी होती. बाईंनी तोंड उघडलं आणि आमच्या आज्या बोलायच्या तशी जुनी, खणखणीत वऱ्हाडी बाहेर पडली. टीव्ही पाहून आमची बोली बदलली होती. त्यांनी जी सोबत नेली होती तीच जशीच्या तशी परत आणली होती.

'समुद्रवाल्या' हे नाव त्यांना वाचनालयाच्या ओट्यावर पडलं. तिथे संध्याकाळी वाचनालयाचे अध्यक्ष भाऊसाहेब दरबार भरवून बसत. भाऊसाहेबांचं कापसाचं जिनिंग होतं, आवाज मोठा होता आणि मनही तसं मोठं होतं, फक्त त्या मनाला कुणी चूक दाखवलेली खपत नसे. मॅडम एकदा त्या ओट्यावर सहज बोलून गेल्या, "आमच्या तिथी ना, नगरपालिकेचं हापिस समुद्रावर गरम होते."

"समुद्राचं पाणी उकळवते काय तिथी?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"उकळवते कायले? थंडगार असते ते. पाय टाकला तर हाड ठणकते. त्या पाण्यातलीच गरमी काढून घ्यायची अन् इमारतीत सोडायची. उन्हाळ्यात उलटं. इमारतीतली गरमी काढायची अन् समुद्रात फेकायची."

"म्हणजे बर्फातून शेकोटी काढता म्हणा ना!" भाऊसाहेब म्हणाले आणि सगळा ओटा हसला.

दुसरी कुणी असती तर गप्प बसली असती. मॅडमनी भाऊसाहेबांचं मनगट धरलं आणि त्यांना सरळ समोरच्या चहाच्या टपरीवर नेलं. तिथल्या फ्रीजच्या मागच्या जाळीवर त्यांचा हात टेकवला. भाऊसाहेबांनी हात झटकन मागे घेतला. "गरम हाय ना? ते आतल्या दुधाची, दह्याची गरमी हाय. फ्रीज थंडी बनवत नाही भाऊसाहेब. आतली गरमी उचलते अन् बाहेर नेऊन टाकते. हमाल हाय तो. तुमच्या जिनात गाठी उचलते तसा." टपरीवाला इतकी वर्षं त्या फ्रीजच्या मागे बसत होता, तोही उठून हात लावून गेला. भाऊसाहेब म्हणाले, "हमाल तं हाय, पण समुद्र कुठी हाय आपल्या इथी?" मॅडम म्हणाल्या, "समुद्र नसन तर नसो. विहीर हाय ना." ओटा पुन्हा हसला आणि नाव कायमचं चिकटलं.

आता या विहिरीचा आणि माझा संबंध काय, ते सांगते. मी नाल्यापलीकडच्या तांड्यावरची. आम्ही गोर, म्हणजे तुमच्या भाषेत बंजारा. घरी शेती, वर टिनाचं छप्पर. उन्हाळ्यात दुपारी त्या टिनाखाली पुस्तक उघडायचं म्हटलं तर घामाने पानं भिजतात, हे मी वाढवून सांगत नाही. ज्या पोरांना जमायचं ती सरकारी नोकरीच्या परीक्षेच्या तयारीला यवतमाळला, अमरावतीला खोली घेऊन राहायची. आम्हा मुलींना तेवढं कुणी सोडत नव्हतं. आम्हाला होती ती वाचनालयाची अभ्यासिका. आणि ती एप्रिल लागला की दुपारभर बंद. कारण साधं होतं. हॉल तापायचा, दोन मोठे कूलर लावावे लागायचे, ते पिंपच्या पिंप पाणी प्यायचे, आणि त्या दिवसांत गावाला टँकर लागलेला असायचा. 'लोकाले प्याले पाणी नाही अन् पोट्ट्या थंड्या हवेत बसतीन काय?' असं कुणीतरी म्हणालं की कुलूप लागायचं. परीक्षा मात्र नेमक्या उन्हाळ्याच्या शेवटी. घरी गेलं की पुस्तक जायचं माळ्यावर आणि हातात यायचा झाडू. एक उन्हाळा असा गेला, की आधीचं वाचलेलं सगळं पुसलं जातं. माझे दोन उन्हाळे गेले होते.

मॅडमना हे कळलं ते माझ्याकडूनच. कुलूप लागलेल्या दाराच्या पायरीवर, तेवढ्याशा सावलीत मी वाचत बसले होते. त्या समोरून छत्री घेऊन चालल्या होत्या. थांबल्या. "इथी कायले बसली वं?" मी सांगितलं. त्यांनी कुलपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग वळसा घालून इमारतीच्या मागे गेल्या. मागे जुनी दगडी विहीर होती. लोखंडी जाळी टाकलेली, पालापाचोळा पडलेला, पाणी मचूळ म्हणून कुणी भरत नसे. पण ती आटल्याचं गावात कुणी पाहिलं नव्हतं. मॅडमनी जाळी सरकवून बादली सोडली, वर आलेल्या पाण्यात हात घातला आणि किती तरी वेळ तसाच ठेवला. मला वाटलं बाईला ऊन लागलं. त्या म्हणाल्या, "पोरी, हे पाणी एप्रिलात असं थंडगार हाय अन् वर हवा पेटून राह्यली. अन् तुम्ही कुलूप लावता?"

भाऊसाहेबांनी परवानगी दिली, पण आपल्या पद्धतीने. विहीर बुजवून तिथे दुकानांचे गाळे काढायचं वाचनालयाच्या समितीच्या मनात होतंच. ते म्हणाले, "एक उन्हाळा देतो मॅडम. जमलं तं जमलं. नाही जमलं तं विहीर बुजवतो, गाळे काढतो, अन् मंग दुपारच्या अभ्यासिकेचं नाव काढायचं नाही." मॅडम म्हणाल्या, "अन् जमलं तं?" भाऊसाहेबांनी हा विचारच केलेला नव्हता. "जमलं तं पाहू," असं म्हणून ते पान लावायला लागले.

दारव्ह्याकडे दूध थंड करायचं एक केंद्र बंद पडून होतं. तिथलं यंत्र मॅडमनी मागून आणलं, स्वतः खोललं, दिग्रसच्या वेल्डरशी भांडून पाहिजे तसं जोडून घेतलं. विहिरीतलं पाणी एका नळीने यंत्राकडे यायचं, हॉलमधली गरमी अंगावर घ्यायचं आणि दुसऱ्या नळीने विहिरीच्या लांबच्या कोपऱ्यात परत पडायचं. हॉलमध्ये छताला थंड पाण्याच्या नळ्या आणि मागे पंखा असलेल्या पेट्या टांगल्या. हे झालं मॅडमचं काम. आमचं काम त्यांच्या मते जास्त महत्त्वाचं होतं. फटी बुजवायच्या. दाराखालची फट, खिडक्यांच्या चौकटी, भिंतीतली चिमण्यांची भोकं. जुन्या गाद्यांतला कापूस काढून आम्ही पोरींनी त्याच्या लांब पट्ट्या शिवल्या आणि ठासून भरल्या. माझ्या याडीने, म्हणजे आईने, दारासाठी गोधडीसारखा जाड पडदा शिवून दिला. काठाला आरसे लावायचं तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण आरशांशिवाय तिला शिवताच येत नाही. मॅडम फट शोधायला उदबत्ती घेऊन फिरायच्या, धूर हलला की ओरडायच्या, "हे पाह्य, इथून पळून राह्यली! इतकी मेहनत करून थंडी आणायची अन् तुम्ही तिले वाट करून देता!"

तेवढ्यात गावात उठलं, की मॅडमची मशीन विहीर पिते. एक दिवस सकाळी पंधरावीस बाया पाण्याचे गुंड, म्हणजे हंडे, घेऊन आल्या. यातल्या एकीनेही त्या विहिरीचं पाणी कधी भरलं नव्हतं, पण टँकरच्या दिवसांत पाण्यावर हक्क सांगायला ते भरलेलं असावं लागत नाही. मॅडम खूश झाल्या. त्यांनी सगळ्यांना विहिरीवर नेलं, आत पडणाऱ्या नळीखाली एकेकीला हात धरायला लावला. "जितकं घेतलं तितकं पडून राह्यलं. जरासं कोमट, बस. तुमच्या घरचे कूलर पाणी पितात, माही मशीन परत देते. आता सांगा, चोर कोण?" मग त्यांनी विहिरीच्या आतल्या दगडावर, पाण्याच्या रेषेत, चुन्याचा पट्टा ओढला आणि म्हणाल्या, "रोज या अन् पाह्यून जा. माह्यावर भरोसा ठेवू नका." बाया खरंच रोज येऊन पाहू लागल्या. चुन्याच्या पट्ट्याची इतकी राखण झाली, की पुढे पाऊस पडून तो बुडाला तेव्हा दोघीतिघींना वाईट वाटलं.

आणि मग उद्घाटन. ते आठवलं की आजही माझं डोकं तापतं. भाऊसाहेबांनी ते अगदी मनापासून केलं होतं, हे मी मान्य करते. गर्दी होणार, मशीन नवी, तिला जरा आधार पाहिजे, असा त्यांनी विचार केला. सकाळीच माणसं लावून हॉलच्या सगळ्या खिडक्या उघडल्या, आमच्या कापसाच्या पट्ट्या ओढून काढल्या, खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या बांधल्या आणि त्या पाण्याने चिंब भिजवल्या. वर जिनमधले दोन कूलर आणून दारात लावले. याडीचा पडदा गुंडाळून वर बांधला, पाहुण्यांच्या डोक्याला लागू नये म्हणून. मॅडम तेव्हा मागे विहिरीवर पंपापाशी होत्या. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

ओली हवा आत शिरली आणि थंड नळ्यांना घाम फुटला. आधी थेंब, मग धार. हॉलमध्ये चिकचिक, माणसं पत्रिकेने वारा घेतायत, आणि भाऊसाहेब माइकवर, "आज या गावात विज्ञानाची गंगा..." एवढ्यात वरची पेटी भरून वाहिली आणि गार पाणी भळकन त्यांच्या डोक्यावर पडलं. असा हशा मी त्या हॉलमध्ये पुन्हा ऐकला नाही. मॅडम धावत आत आल्या, त्यांनी खिडक्या पाहिल्या आणि बाकावर चढल्या. "कोणं उघडल्या ह्या?"

"आम्ही उघडल्या. मदत म्हणून," भाऊसाहेब म्हणाले. डोक्यावरून पाणी गळत होतं.

"मदत? भिजवलेली हवा आत घेतली तुम्ही! तिचंच पाणी पडलं तुमच्या टकुऱ्यावर!"

पुन्हा हशा झाला आणि तिथेच काम बिघडलं. एकट्यात सांगितलं असतं तर भाऊसाहेबांनी ऐकलं असतं. पण मॅडमना एकट्यात सांगता येत नसे, तो त्यांचा स्वभावच नव्हता. भाऊसाहेबांनी रुमालाने तोंड पुसलं आणि शांतपणे सांगितलं, "मशीन फेल हाय. सोमवारपासून दुपारी कुलूप. पावसाळ्याआधी विहीर बुजवाची." लोक वडे खाऊन घरी गेले. आम्ही पोरी ओल्या फरशीवरून आमच्या पट्ट्या गोळा करत बसलो आणि मी ढसाढसा रडले. मॅडम म्हणाल्या, "रडून हॉल थंडा होत असन तर मीबी बसतो रडत. उठ. पट्ट्या वाळत घाल."

रविवारी बाजाराला याडी आली होती. तिच्या कानावर सगळं गेलंच होतं. तिने मला विचारलं, "छोरी, ते बाई पागल हाय काय?" मी म्हटलं, "हाय." याडीने जरा विचार केला आणि म्हणाली, "मंग तिच्याजवळच बैस."

सोमवारी कुलूप यायच्या आधी आम्ही आत होतो. पट्ट्या परत ठासल्या, पडदा सोडला, सगळ्या खिडक्या लावल्या. मॅडमनी यंत्र सुरू केलं, आत आल्या आणि दाराला आतून कडी घातली. "ज्यायले भेव वाटत असन त्यायनं आताच जा," त्या म्हणाल्या. भीती सगळ्यांनाच वाटत होती, पण कुणी उठलं नाही. बाहेर ऊन चढत गेलं. आत आधी काहीच कळलं नाही. मग माझ्या लक्षात आलं, की वहीला हात चिकटत नाहीये. मी मान वर केली तर मॅडम माझ्याकडेच पाहत होत्या. त्यांनी पुस्तकाकडे बोट दाखवलं.

दुपारी दार धडाधड वाजलं. भाऊसाहेब होते, हातात कुलूप.

"मॅडम, दार उघडा! हे समितीचं वाचनालय हाय!"

"हो ना. वाचूनच राह्यलो आम्ही."

"मी अध्यक्ष हाय!"

"अध्यक्षाले मनाई नाही. पण दार जास्त वेळ उघडं ठेवता येत नाही. या, पटकन या, अन् मागं दार लावून घ्या."

कडी निघाली. भाऊसाहेब आत आले. आले होते भांडायलाच. बाहेरच्या उन्हात त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. त्यांनी एकदा छताकडे पाहिलं, की आता डोक्यावर काय पडतंय. काही पडलं नाही. यंत्राची घरघर आणि पंख्यांचा आवाज, बाकी सगळ्या खाली मान घालून वाचतायत. ते खुर्चीवर टेकले, 'जरा दम खातो अन् मंग बोलतो,' असं पुटपुटले. कुलूप मांडीवर ठेवलं. थोड्या वेळाने त्यांची मान छातीवर आली आणि ते घोरायला लागले. एवढे मोठे अध्यक्ष, पण घोरणं लहान मुलासारखं होतं. आम्ही तोंडात ओढणी कोंबून हसलो. मॅडमनी डोळे वटारले, "झोपू दे त्यायले. पहिला माणूस हाय जो उघड्या डोळ्यानं समजला नाही अन् मिटल्या डोळ्यानं समजून राह्यला."

संध्याकाळी भाऊसाहेब जागे झाले. आजूबाजूला पाहिलं, मांडीवरच्या कुलपाकडे पाहिलं.  माझे दोन उन्हाळे गेले होते आणि तिसरा त्या कुलपात होता. त्यांनी ते उचललं, मॅडमच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "हे रातच्याले लावत जा. दुपारी काही कामाचं नाही." दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले, मशीन तपासायला म्हणून. तिसऱ्या दिवशी उशी घेऊन आले.

त्या उन्हाळ्यात मी रोज दुपारी वाचलं. पुढच्याही उन्हाळ्यात वाचलं आणि परीक्षा पास झाले. आज मी पुसदला सरकारी नोकरीत आहे. मॅडमनी मला कधी अभ्यास शिकवला नाही. त्यांनी फक्त जागा दिली आणि ती कुणी काढून घ्यायला आलं तर आतून कडी कशी घालायची ते दाखवलं. माझ्या मते हे शिकवणीपेक्षा मोठं आहे. हिवाळ्यात त्या तेच यंत्र उलटं चालवायच्या. विहिरीतली ऊब हॉलमध्ये. जानेवारीत सकाळी गावातले म्हातारे पेपर वाचायला यायचे ते जेवणाच्या वेळेपर्यंत उठायचे नाहीत. भाऊसाहेब मग येईल त्या पाहुण्याला टपरीवर नेऊन फ्रीजच्या मागे हात लावायला सांगायचे, आणि 'हमाल हाय तो, हमाल' हे वाक्य आपलंच असल्यासारखं टाकायचे. मॅडम ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या.

मग त्यांची तब्येत बिघडली आणि मुलगी येऊन त्यांना घेऊन गेली. जाताना एसटी नको, गाडी नको, असले काही हट्ट त्यांनी केले नाहीत. फक्त गाडीत बसायच्या आधी विहिरीवर जाऊन आल्या. त्यानंतर कधीमधी फोनवर चेहरा दिसायचा. शेवटच्या वेळी त्या दवाखान्यात होत्या. अंगात मोठे कपडे आणि त्यात त्या एवढ्याशा झालेल्या. त्यांनी फोन काचेकडे वळवला. बाहेर करडं पाणी, वर बर्फ पडत होता. "हे पाह्य, समुद्र. हा दवाखाना याच्यावरच चालते. मलेच ऊब देऊन राह्यला आता."  मग विचारलं, "खिडक्या लावल्या काय?"

"लावल्या, मॅडम."

"अन् दार?"

"दारही लावलं."

"मंग कर अभ्यास." मला नोकरी लागून वर्षं झाली होती, तरी म्हणाल्या. पंधरा दिवसांनी त्या गेल्याचं कळलं.

शोकसभा अभ्यासिकेतच होती, याच वर्षीच्या मे महिन्यात. मी पुसदहून आले, तांड्यावरून याडी आली. गर्दी होती म्हणून कुणीतरी सगळ्या खिडक्या उघडून ठेवल्या होत्या आणि हॉल तापला होता. भाऊसाहेब आता थकलेत, काठी घेऊन पहिल्या रांगेत बसले होते. अध्यक्षपद त्यांच्या मुलाकडे गेलं आहे. मुलगा चांगला बोलतो. तो मॅडमबद्दल पुष्कळ चांगलं बोलला आणि शेवटी म्हणाला, की त्यांच्या स्मरणार्थ समितीने ठरवलं आहे, या हॉलला त्यांचं नाव द्यायचं, चार नवे एसी बसवायचे, आणि मागच्या विहिरीची आता गरज नाही, ती बुजवून ती जागा कामी आणायची. दोन-चार टाळ्याही पडल्या.

बाईचं नाव दारावर आणि तिची विहीर मातीखाली! मला इतका राग आला की डोळ्यांतलं पाणी तिथेच थांबलं. मी उठले.  माझ्या बाजूची खिडकी होती, ती लावली. मग पुढची. मागच्या रांगेतल्या, आज तिथे अभ्यास करणाऱ्या मुलींनी माझ्याकडे पाहिलं आणि त्या उठल्या. मी मॅडमचं काम पाहिलेलं, त्यांनी मॅडमबद्दल नुसतं ऐकलेलं. पण कुठली खिडकी अडते, कुठल्या कडीला खालून धक्का द्यावा लागतो, ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. याडीने पडदा सोडला, आरसे खळखळले. एकीने मागे जाऊन यंत्र सुरू केलं. अध्यक्ष माइक धरून उभा. "काय चाललंय हे? सभा चालू आहे! गर्दी आहे, माणसं गुदमरतील!"

एकच खिडकी उरली होती, भाऊसाहेबांच्या डोक्यामागची. मी तिकडे वळणार तेवढ्यात भाऊसाहेब काठी टेकत स्वतः उठले, वळले आणि त्यांनी ती लावली. कडी बसली का ते दोनदा ओढून पाहिलं. मग मुलाकडे तोंड करून, जुन्या मोठ्या आवाजात म्हणाले, "अबे, मागचं दार उघडं राह्यलं ना. आधी ते लाव. मंग बोल."

अध्यक्षाने बापाकडे पाहिलं, सभेकडे पाहिलं. माइक खाली ठेवला आणि जाऊन दार लावून आला. परत आल्यावर मात्र त्याने माइक उचलला नाही, बापाशेजारी जाऊन बसला. हॉल हळूहळू थंड होत होता आणि कुणीच उठत नव्हतं.

विहीर अजून आहे. बुजवायचं पुन्हा कधीतरी निघेल, निघतंच. या उन्हाळ्यात त्या सभेनंतर निघालं नाही, पुढच्या उन्हाळ्यात निघालं तर मी पुसदहून दुपारच्या आत पोचते. कडी आतून आहे आणि ती घट्ट बसते.